मागच्या खोलीतली रेंज : प्रकल्प नोंदी

रविवार, १५ जून २०२५

उद्या शाळा सुरू. म्हणजे संध्याकाळचे माझे दहावीचे गणिताचे ऑनलाइन क्लासही सुरू. एप्रिलच्या शेवटच्या तासाला "मॅडम, आवाज तुटतोय" हे मी अकरा वेळा ऐकलं. मुलांनी मोजलं होतं, मी नाही. यंदा तसं नको, म्हणून ही वही.

घर संगमेश्वर तालुक्यातलं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं). माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. पुढून मागे चालत गेलं की अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. मागच्या पडवीचा अर्धा भाग बंद करून केलेली खोली माझी, क्लासची. माजघरावर माडी. आतल्या भिंती दीड फुटाच्या, वर मंगलोरी कौलं. दोन वर्षांपूर्वी नेटवाला मुलगा आला, ओटीच्या खिडकीतून तार आत घेतली, पहिला प्लग दिसला तिथे राउटरचा डबा ठेवला आणि चहा पिऊन गेला. ती जागा म्हणजे आईंच्या (सासूबाई) लग्नातल्या लोखंडी कपाटाची मागची बाजू.

फोनवर सिग्नल आकड्यात दाखवणारं ॲप घेतलं. काड्यांवर भरवसा नाही, दोन काड्या म्हणजे किती ते प्रत्येक फोन आपल्या मनाने ठरवतो. आजची मोजणी, २.४ गिगाहर्ट्झवर (वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी लांब पोचणारी; दुसरी ५ची), डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप):

ओटी (झोपाळा): वजा ४४
पडवी: वजा ६१
माजघर: वजा ६२
देवघर: वजा ६६
माडी: वजा ६८
स्वयंपाकघर: वजा ७४
माझी खोली: वजा ७९

५ गिगाहर्ट्झचं नाव ओटीवर आणि माजघराच्या दाराशी दिसतं, पुढे गायब.

आकडे वजा आहेत, त्यामुळे शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं. ३ ने उतरलं की ताकद निम्मी, १० ने उतरलं की दहावा हिस्सा. म्हणजे झोपाळ्यावर जेवढं पोचतं त्याचा तीन हजारावा हिस्सा माझ्या टेबलावर येतो. व्हिडिओ कॉल धड चालायला वजा ६७च्या आसपास तरी हवं. वजा ८०ला निरोप जातो, चेहरा जात नाही.

तात्यांना (सासरे, वीज मंडळात वायरमन होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली) वही दाखवली. ते म्हणाले, "भिंत फोडायची नाही. बाकी काय ते कर."

मंगळवार, १७ जून

कंपनीच्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलली. १०० एमबीपीएसचा प्लॅन २००चा करा, नाहीतर बूस्टर घ्या, म्हणाली. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

तात्यांनी अडवलं. "आधी मीटरपर्यंत वीज येते का ते बघ. मग घरातलं वायरिंग."

बरोबरच आहे. लॅपटॉप ओटीवर नेला, वाय-फाय बंद केलं, थेट केबल लावली. खाली (डाउनलोड) ९६, वर (अपलोड) ९५. तिथेच केबल काढून वाय-फायवर: ७१. माझ्या खोलीत: ३. राउटरच्या आतल्या पानावर फायबरमधून येणाऱ्या उजेडाची ताकद दिसते, ती वजा २१. हा डबा साधारण वजा २७पर्यंत तग धरतो, म्हणजे तिथेही ठीक.

लाइन निर्दोष. कंपनीला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या परत घेतल्या. प्लॅन दुप्पट करून माझ्या टेबलावर ३चे ६ सुद्धा झाले नसते. विहीर भरलेली आहे, पन्हळ फुटकी आहे.

गुरुवार, १९ जून

मोजणीतच घोळ. कालची आणि आजची माझ्या खोलीतली रेंज ताडून बघितली तर ९चा फरक, आणि मी काहीच बदललेलं नाही. मुलाने (नववीत, सुट्टीत वात आणलेला) शोधून काढलं की फोन हातात धरून राउटरकडे पाठ केली की आकडा घसरतो. माणूस म्हणजे बहुतांशी पाणी, आणि पाणी ही लहर पिते. त्यात दुसरं एक. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटर लांब. सरळ आलेली आणि भिंतीवर आपटून आलेली अशा दोन लहरी एकमेकींना कुठे जोर देतात, कुठे मारतात. त्यामुळे फोन वितभर सरकवला तरी आकडा बदलतो.

नवी पद्धत: पाटावर फोन, पाट स्टुलावर, माणूस बाजूला. वीतवीत सरकवत पाच जागी मोजायचं आणि मधला आकडा लिहायचा. १५ तारखेचे सगळे आकडे या पद्धतीने पुन्हा घेतले. सुदैवाने एक-दोनच्याच फरकाने तेच आले, म्हणून वरची यादी खोडत नाही.

रविवार, २२ जून

कपाट हलवलं. लिहायला दोन शब्द, करायला दोन तास. आतल्या पैठण्या, स्टीलची भांडी, कुणाच्या तरी मुंजीतले चांदीचे गडू, सगळं बाहेर. कपाटाच्या दाराला आरसा. पत्रा काय आणि आरशाच्या मागचा धातूचा मुलामा काय, लहरीला दोन्ही सारखेच: मागे फिर.

फक्त कपाट सरकवून माजघर वजा ६२वरून वजा ५५. माझी खोली वजा ७९वरून वजा ७५. एक रुपया खर्च नाही. आईंना मात्र कपाटाची नवी जागा पसंत नाही, आणि हे मला रोज ऐकावं लागणार आहे.

मंगळवार, २४ जून

डबा ओटीवरून माजघरात न्यायचं ठरलं. घराचा मध्य तोच. फायबरची दहा मीटरची जादा गुंडाळी खिडकीशी बांधलेली होती, तेवढी पुरते.

आईंचं म्हणणं, कोनाड्यात ठेवा, दिसायला बरं. ठेवून बघितलं. माजघरातच वजा ४९. कोनाडा म्हणजे तीन बाजूंनी चिरा, त्यात चिरा ओल धरणारा. चौथ्या बाजूने जेवढं बाहेर पडेल तेवढंच. मग दाराच्या वर फळी मारली, साडेसहा फुटांवर, उघडी. माजघर वजा ३९.

दिवे रात्री देवघराकडे लुकलुकतात म्हणून आईंनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. रेंजला पट्टीचं काही नाही.

बुधवार, २५ जून

सकाळी नेट बंद. डब्यावर लाल दिवा.

काल संध्याकाळी मी क्लासवर असताना तात्यांनी फायबर नीटनेटकी केली होती. दाराच्या चौकटीला काटकोनात वळवून, क्लिपा ठोकून, अगदी मंडळाच्या शिस्तीत. विजेच्या तारेला काटकोन चालतो. फायबरमधून वीज नाही, उजेड जातो, आणि वळण फार घट्ट झालं की तो काचेतून बाहेर सांडतो. तीन क्लिपा काढल्या, तारेला सैल वळसा दिला, लाल दिवा गेला. ताकद आली वजा २४. चौथी क्लिप काढल्यावर पुन्हा वजा २१.

तात्या पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग आईंची एक बांगडी मागून घेतली, वळणाला लावून बघितली आणि म्हणाले, "ह्याच्यापेक्षा लहान वळण नाही. लिहून ठेव."

लिहिलं.

शुक्रवार, २७ जून

नव्या जागेवरून मोजणी. ओटी वजा ५४, पडवी वजा ६६, देवघर वजा ४८, स्वयंपाकघर वजा ५७, माझी खोली वजा ७०. माडी मात्र वजा ६७, आणि माडी तर राउटरच्या डोक्यावर आहे.

कारण काड्या, फोनवरच्या नव्हे, राउटरच्या अँटेना. राउटरच्या दोन्ही काड्या सरळ उभ्या होत्या. उभ्या काडीतून लहर आडवी पसरते, टोकाच्या दिशेने सगळ्यात कमी. काडीत ओवलेला मेदूवडा डोळ्यांसमोर आणावा: वड्याच्या बाजूला भरपूर, भोकाच्या दिशेला काही नाही. माडी नेमकी भोकावर. एक काडी आडवी केली. माडी वजा ५९, ओटी २ने उतरली. सौदा मान्य.

शनिवार, २८ जून

हे रत्नागिरीहून आले (नोकरी तिकडे, शनिवारी घरी). आल्या आल्या, "चॅनल बदलून बघितलास का?"

हा सल्ला प्रत्येक जण देतो. शहरातल्या बिल्डिंगमध्ये तो खराही आहे. २.४मध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनल, पण एकेक चॅनल इतका रुंद की एकमेकांना न घासणारे तीनच निघतात: १, ६ आणि ११. ठाण्याला नणंदेच्या फ्लॅटमध्ये मी मोजले होते, सत्तावीस राउटर त्या तीन जागांत कोंबलेले. इथे आमच्या वाडीत आमच्यासकट तीन. बदलून बघितलं, काडीचाही फरक नाही. चॅनलची रुंदी तेवढी ४० मेगाहर्ट्झवरून २०वर आणली. २.४मध्ये ४० म्हणजे जेवायला बसल्यावर दोन पाट अडवणं.

पण त्यांच्या येण्याने एक गोष्ट सापडली. त्यांनी कामाचं काहीतरी उतरवून घ्यायला माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढली, आणि वेग ११वरून १९ झाला. डिस्क परत लावली, पुन्हा ११. यूएसबी ३च्या जोडणीतून चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट सांडतो, आणि माझी डिस्क लॅपटॉपच्या कडेलाच चिकटून असते. दोन वर्षं तिथेच आहे. आखूड वायर टाकून लांब वायर घेतली आणि डिस्क खिडकीत ठेवली.

रविवार, ६ जुलै, आषाढी

माझी खोली वजा ७६. कुणी काही हलवलेलं नाही. आठ दिवस धो धो पाऊस.

हवेतल्या पावसाला दोष नाही, घरातल्या घरात पंधरा मीटरवर पावसाच्या थेंबांनी काही बिघडत नाही. मग भिंत? चिरा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो, आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त खाते. उपवासाची खिचडी खाताना मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. निसर्गापुढे इलाज नाही.

मंगळवार, ८ जुलै

निसर्ग अर्धाच दोषी.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. अगोटीची (पावसाआधीच्या तयारीची) कामं आटपायच्या आधी. निम्मी लाकडं अंगणात भिजली. गेल्या आठवड्यात त्या धो धो पावसात मधेच थोडी उघडीप मिळाली तशी तात्यांनी ती मागच्या पडवीत आणून रचली, न्हाणीच्या चुलीच्या उबेला वाळावीत म्हणून. कमरेएवढा ढीग. माजघरातल्या फळीपासून माझ्या टेबलापर्यंत सरळ दोरी धरली तर ती त्या ढिगातून जाते. ओलं लाकूड म्हणजे उभं केलेलं पाणी.

"कुणी काही हलवलेलं नाही" असं मी परवा लिहिलं. स्वतः त्या ढिगाला वळसा घालून दिवसातून दहा वेळा ये-जा करत होते.

ढीग पलीकडच्या कोपऱ्यात हलवला. वजा ७२. म्हणजे ४ लाकडाचे. उरलेले २ भिंतीचे असावेत, ते मार्गशीर्षात पुन्हा मोजल्यावर कळेल.

शुक्रवार, ११ जुलै

शेजारच्या मुलाने बूस्टर आणून दिला, वापरून बघा म्हणून. माझ्या खोलीतल्या प्लगला लावला. काड्या पूर्ण! वेग ५.

काड्या सांगतात माझा फोन आणि बूस्टर किती जवळ आहेत ते. बूस्टरला स्वतःला मिळतंय तेच वजा ७२चं पातळ ताक, ते तो भरल्या ग्लासात देतो. मग स्वयंपाकघरात लावला, जिथे वजा ५७ आहे. आता २२. चांगला, पण हा स्वस्तातला, एकाच रेडिओचा. तोच ऐकतो, तोच बोलतो, एका वेळी एकच. म्हणून निम्मा वेळ ऐकण्यात जातो. क्लासमध्ये फळा लिहीत होते तोवर ठीक चाललं. मुलांनी दोघा-तिघांनी एकदम कॅमेरे लावले तसा आवाज पुन्हा तुटला.

त्यात मिक्सर लावायचा म्हणून आईंनी तो मधेच काढून ठेवला. समीकरणाच्या ऐन मध्यावर.

बूस्टर साभार परत.

शनिवार, १२ जुलै

केबल. शेवटी केबलच. हे मला १७ जूनलाच कळायला हवं होतं, थेट केबलवर ९६ आले तेव्हा. पण दीड फुटाच्या दोन भिंती आणि तात्यांची अट.

अटीवर उत्तर तात्यांनीच दिलं. जेवताना वर बघत म्हणाले, "भिंत कौलापर्यंत जाते कुठे?"

खरंच जात नाही. आतल्या भिंती माळ्याच्या उंचीला संपतात, वर सगळं मोकळं, वासे आणि कौलं. माजघरातून माळ्यावर चढायचं, स्वयंपाकघरावरून पुढे जायचं, मागच्या पडवीच्या वाशावरून खाली उतरायचं. एक भोक नाही. चोवीस मीटर भरलं, केबलची मर्यादा शंभर. या घरात लग्न होऊन मला अठरा वर्षं झाली, माळ्यावर आंब्याच्या अढीसाठी दर मे महिन्यात चढते, आणि हे सुचलं नाही.

शुक्रवार, १८ जुलै

बाजारातून तीस मीटर कॅट ६ जातीची केबल आणली. स्वस्तात मिळाली म्हणून मी खूश. तात्यांनी घरी आल्याबरोबर टोकाची एक तार सोलली, ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. "ॲल्युमिनियम. वरून तांब्याचं पाणी."

असली तार वाकवली की मोडते, गंजते, लांब अंतरावर दगा देते. लगेच दोघे जाऊन बदलून आणली. दुकानदाराने वाद घातला नाही, त्यालाही ठाऊक असावं. निखळ तांब्याची जवळजवळ दुप्पट पडली. वजनच हातात वेगळं लागतं.

रविवार, २० जुलै

केबल टाकली. उंदरांसाठी पीव्हीसी पाइपातून. माळ्यावर उंदीर आहेत याचा पुरावा म्हणून तिथे कुरतडलेल्या तीन पिढ्यांच्या वह्या आहेत. विजेच्या वायरीपासून हातभर दूर ठेवली, जिथे ओलांडावी लागली तिथे काटकोनात. हे तात्यांनी सांगितलं नसतं तर मी दोन्ही एकाच पाइपात घातल्या असत्या.

मी गोठ्यापर्यंतही एक केबल न्यायचं सुचवलं होतं. तात्या ठाम नाही म्हणाले. उघड्यावरून तांबं नेलं की वीज पडल्यावर ते तिला थेट घरात घेऊन येतं. नोकरीत त्यांनी काय काय बघितलं आहे ते त्यांनी सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

सोमवार, २१ जुलै

मागच्या टोकाला ठाण्याहून आलेला नणंदेचा जुना राउटर. तो आता राउटर म्हणून नको, नुसता वाय-फाय फेकणारा डबा म्हणून हवा.

पहिल्या प्रयत्नात अख्ख्या घराचं नेट विचित्र झालं. कुणाचा फोन चाले, कुणाचा नाही. जो दोन तास चालला तो अचानक थांबे. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला राउटर एक पत्ता देतो, आणि आता घरात दोन डबे पत्ते वाटत होते, एकमेकांना न विचारता. मागच्याचं वाटप (सेटिंगमध्ये डीएचसीपी) बंद केलं. त्याला स्वतःला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, कारण पुढचा १९२.१६८.१.१वर बसलेला आहे. केबल इंटरनेटच्या निळ्या भोकातून काढून बाजूच्या पिवळ्यात घातली. क्रम चुकला तर डब्याच्या पानापर्यंत पोचताच येत नाही. मी एकदा चुकले आणि टाचणीने रिसेट करून पहिल्यापासून सुरुवात केली.

रात्री साडेदहा. माझी खोली वजा ३६. वेग ९३.

मंगळवार, २२ जुलै

माझ्यासाठी काम संपलं होतं. तात्यांसाठी नाही.

दोन्ही डबे गिगाबिटचे आहेत, मग जोडणी १०००ची दिसायला हवी. पानावर १०० दिसत होती. मी म्हटलं, तात्या, आपला प्लॅनच १००चा, राहू दे. ते म्हणाले, "तुला चालतंय म्हणून सोडायचं?"

केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १००ला दोन जोड्या पुरतात, १०००ला चारही लागतात. म्हणजे कुठेतरी एखादी जोडी मेलेली. तात्यांनी टॉर्च लावून माझं प्लगचं टोक बघितलं. क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रम बरोबर होता. शेवटची तपकिरी टोकापर्यंत पोचलीच नव्हती, दोन मिलिमीटर आखूड. टोक कापलं, पुन्हा दाबलं. १०००.

चाळीशीच्या वर बारीक अक्षराला चष्मा लागतो हे मला कबूल करायला हवं. तात्यांनी सत्तरीत बिनचष्म्याने बघितलं, हे त्यांनी संध्याकाळपर्यंत चार जणांना सांगितलं.

रविवार, २७ जुलै

नवी तक्रार, खुद्द तात्यांची. डोंबिवलीच्या भावाशी व्हिडिओवर बोलत ते ओटीवरून परसदारी जातात, आणि स्वयंपाकघर ओलांडलं की भाऊ गोठतो. मागचा डबा हाताच्या अंतरावर असून.

दोन्ही डब्यांना एकच नाव, एकच पासवर्ड दिलेला आहे. पण एकाला सोडून दुसऱ्याला कधी धरायचं हे फोन ठरवतो, डबे नाही. आणि फोन चिकट असतो, जुनं अगदी तुटायला आल्याशिवाय सोडत नाही. तात्यांचा फोन परसदारी वजा ७८ घेऊन माजघराला धरून बसलेला.

उपाय उलटा वाटतो: माजघराच्या डब्याची ताकद कमी केली. सेटिंगमध्ये जास्त, मध्यम, कमी आहे, मध्यम केलं. आता तो मागे लवकर क्षीण होतो आणि फोन वेळेवर नवा धरतो. दोघांचे चॅनलही वेगळे केले, पुढे १, मागे ११. तात्या तीन फेऱ्या मारून आले. तिन्ही वेळा भाऊ न गोठता. तिसऱ्या फेरीत भावालाच कंटाळा आला.

ओटीवर झोपाळ्याशी आता वजा ५९ आहे. १५ जूनला तिथे वजा ४४ होतं. तात्यांना सांगितलेलं नाही. त्यांचं चालतंय.

मंगळवार, ५ ऑगस्ट

वीज गेली की दोन्ही डबे मरतात. पुढच्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला. मागचा ९ व्होल्टचा निघाला, त्याला वेगळी पिन, म्हणून यूपीएसही वेगळा. खोक्यावरचं न वाचता घेतलं, ही चूक दुसऱ्यांदा नको. आता वीज नसताना क्लास दोन तास चालतो. आमची वीज कधीकधी दोन दिवस जाते, त्याला इलाज या वहीत नाही.

गुरुवार, २८ ऑगस्ट

काल गणपती बसले. घरात तेवीस माणसं, जोडलेले फोन एकतीस. अंगणात मांडव, माडीवर पोरं, मागच्या पडवीत मोदकांचा कारखाना. खरी परीक्षा हीच होती, आणि परवा रात्रीपर्यंत व्यवस्थित गेली. कालची आरतीही दुबईच्या दिरांना लाइव्ह दिसली, टाळांसकट.

पण काल सकाळपासून ओटीवर आणि देवघरात बोंब. ओटी वजा ७३, देवघर वजा ७१. मागची खोली उत्तम. आधी मला वाटलं गर्दी. एकतीस फोन एकाच हवेत पाळीपाळीने बोलतात, त्यात लांबचा फोन सावकाश बोलतो आणि सगळ्यांची पाळी खातो. पण गर्दीने वेग पडेल, सिग्नल कशाला पडेल? पाट, स्टूल आणि फोन घेऊन पाहुण्यांच्या मधून मोजत फिरले. एका आत्येसासूबाईंनी विचारलं, हे काय व्रत आहे.

सापडलं. मुलांनी परवा रात्री जागून मखर केलं, माजघरात, दाराकडे पाठ करून. मागचा पडदा छतापर्यंत, आणि त्याला पूर्ण सोनेरी चमकी कागद. चमक म्हणजे त्या कागदावरचा धातूचा पातळ थर. राउटरच्या फळीपुढे दीड वितीवर. जूनमध्ये दोन तास खपून आईंचं कपाट हलवलं होतं, ते मुलांनी एका रात्रीत नव्याने उभं केलं.

मी फक्त सुचवलं, मखर हातभर सरकवता येईल का. आईंनी माझ्याकडे बघितलं. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती हलवायची नाही, हे मला सांगावं लागतं यातच त्यांचं उत्तर होतं.

फळी हलवायचा पर्याय तात्यांना विचारला. ते मोदक खात होते. "फायबरला हात लावायचा नाही घरात पाहुणे असताना. गौरी जाऊ देत, मग बघू." २ तारखेपर्यंत देवघरात वजा ७१.

ओटीवरच्या पाहुण्यांना मागच्या पडवीत बसायला सांगितलं आहे. तिथे मोदकही लवकर मिळतात.